भर दुपारी ओढलेला पडदा

ती. यिके ताईस,
विब्रेनचा दंडवत (गुडघा कुरकुरतो, तेव्हा खुर्चीतूनच केलाय, गोड मानून घे).

तुझा खोकला कसा आहे? भाओजींनी बोटीचा नाद सोडला, की बोटीनंच त्यांचा सोडला? इकडे सगळं ठीक. चौदा तारखेला तू नोटरीकडे सही करून माझं घर विकत घेणार, निवृत्तीनंतर गावी येऊन राहणार, या आनंदात मी खिडक्यांना रंगसुद्धा देऊन ठेवलाय. घर छानच आहे. फक्त एक बारीकशी गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे, पण ती समजायला आधी माझ्या वर्गाची हकिगत ऐकावी लागेल.

माझ्या वर्गात पंधरा वर्षांची सत्तावीस पोरं. जगात काय चाललंय याची त्यांना फिकीर नाही, अशी मी शिक्षकांच्या खोलीत रोज कॉफीबरोबर तक्रार करायचो. मग ठरवलं, दर गुरुवारी गोष्टींची पुस्तकं बंद, खरीखुरी माहिती देणारं काहीतरी वाचायचं. पहिलंच पुस्तक निवडलं ते आपल्याकडची जमीन का खचते यावरचं (दोनशे बारा पानं, त्यांत चाळीस आलेख, मला वाटलं, सगळी झोपतील आणि मला वह्या तपासता येतील). गाईंचे पाय रुतू नयेत म्हणून चरांतलं पाणी खाली ठेवायचं, मग दलदलीची माती सुकते, खचते आणि घरांच्या पायाखाली पाण्यात बुडालेले लाकडी खांब उघडे पडून कुजतात, असं त्यात आहे. तर निंके नावाची मुलगी, जिनं आजवर वेफर्सच्या पाकिटापलीकडे काही वाचलं नव्हतं, ती हात वर करून म्हणते, “सर, हे तर आपल्याच गावाचं आहे. मग नुसतं वाचत काय बसलोय?” मला इतकं भरून आलं की मी छाती काढून म्हणालो, खरं पुस्तक स्वतःच्या दाराशी जाऊन तपासायचं असतं.

हे बोललो नसतो तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी सगळी पोरं सायकलींवरून, मापपट्ट्या घेऊन, घरोघरी भिंतींच्या भेगा मोजायला निघाली. चरांत पाणी किती ठेवायचं हे ठरवणाऱ्या पाणी मंडळाची बारा तारखेला सभा आहे, तीत कुणालाही पाच मिनिटं बोलता येतं, तिथं ती यादी वाचून चरांतलं पाणी वाढवा म्हणून सांगणार. मला अभिमान वाटला. मग आठवलं, आपल्या बैठकीच्या खोलीतही खिडकीसमोरच्या भिंतीला एक भेग आहे, आणि ती रस्त्यावरून काचेतून स्वच्छ दिसते.

मी पडदा ओढला. ताई, तू हसशील, पण आपल्या गल्लीत भर दुपारी पडदा ओढला म्हणजे घरात कोणी गेलं; याआधी असा ओढला होता तो पोस्टमास्तर वारले तेव्हा. दहाव्या मिनिटाला शेजारची गेर्त्ये वाटाण्याच्या सूपचं पातेलं घेऊन दारात. “विब्रेन, कोण गेलं रे?”

“कोणी नाही गं.”

“मग पडदा कशाला? सांग बाबा, मन मोकळं कर.”

काय मोकळं करणार, कपाळ! तासाभरात तीन पातेली सूप, एक साखरपाव आणि पांढऱ्या फुलांची कुंडी जमा झाली. शेवटी गेर्त्येनंच, खोलीत जरा उजेड हवा म्हणून, फर्रकन पडदा बाजूला केला. “अगं बाई! ही तर माझ्याकडच्यापेक्षा मोठी!” आणि खिडकीबाहेर निंके, हातात मापपट्टी.

तिनं आत येऊन मोजलं. काही हसली नाही. एवढंच म्हणाली, “सर, तुमचं घर यादीत घालू की नको? तुम्ही म्हणाल तसं.” तिनं टोमणा मारला असता तर परवडलं असतं. मला फार लाज वाटली, ताई. म्हणालो, घाल.

तर बारीकशी गोष्ट ती हीच. भेग जेमतेम नऊ मिलिमीटर आहे, कपाट सरकवलं की दिसत नाही. भाओजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
विब्रेन

ता. क. वर्गाचा नियम आहे, खरं म्हणून जे लिहिलं ते दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. म्हणून हे पत्र निंकेला दाखवलं. तिनं ‘जेमतेम नऊ’खाली लाल रेघ मारून लिहिलंय, ‘सतरा. सर, ताईंना खरं सांगा.’ तेव्हा सतरा. आणि खालचे खांबही बहुतेक गेलेत, हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे.

ता. क. २. सही करायची की नाही ते तू ठरव. नाही केलीस तर मी रुसणार नाही (थोडा रुसेन). पण बाराला ये. यादीत पहिलं घर माझं आहे, आणि ते मीच उभं राहून वाचायचं असं पोरांनी ठरवलंय. रोज सत्तावीस जणांपुढे बडबडतो, पण या वेळी समोर अख्खं गाव असेल. पुढच्या रांगेत तू बस.