कानातला खडा

३ फेब्रुवारी
आज घोडचूक सापडली – माझीच. वीतभर मासे ‘पिल्लं’ म्हणून न चिरताच बाजूला टाकायचे, ही माझी प्रयोगशाळेतली अकरा वर्षांची सवय. आज ट्रे धुताना एकाचं पोट फाटलं आणि बोटांवर अंडी आली. मग पन्नासएक चिरले. निम्म्यांत अंडी. पिल्लं कसली, आया आहेत या.

४ फेब्रुवारी
त्यांच्या कानातले खडे भिंगाखाली धरले. झाडाच्या खोडात पडतं तसं या खड्यात वर्षाला एक कडं पडतं. वाढीच्या वयात कडी रुंद. अंडी घालायला लागलं की वाढ मंदावते, कडी दाटीने बसतात. यांची दुसऱ्या वर्षापासूनच दाट. पाच वर्षांपुढे कुणीच नाही.

६ फेब्रुवारी
बाबा मासेमारीला जायचे तेव्हाचा, चाळीस वर्षांपूर्वीचा, याच जातीच्या माशाचा एक खडा आईच्या कानातल्यांच्या डबीत आहे. मागितला. बाबा म्हणाले, “सांभाळून. माणसाएवढा होता तो.” बाबांच्या माशांची लांबी आम्ही निम्मीच धरतो. आणि त्यांच्या मासेमारीच्या शेवटच्या वर्षी निसटलेला तो मासा? जाळं फाटलं म्हणे! अजून घरभर हसतात.

७ फेब्रुवारी
सत्तावीस कडी. पुन्हा मोजली. सत्तावीसच. सातव्यापर्यंत ऐसपैस, मग दाट. सात वर्षं नुसतं वाढायचं, मग वीस वर्षं अंडी घालायची – केवढा हा धीर!

धीर धरणारे मोठे होऊन जाळ्यात गेले. घाई करणाऱ्यांची संतती उरली. पिढ्यान्‌पिढ्या हेच. वाढ, अंडी, मरण – तिन्ही एकाच दोरीत बांधलेली, एक ओढलं की बाकीची सरकतात. आणि मी ती तीन वेगळ्या तक्त्यांत भरत बसले होते.

९ फेब्रुवारी
बाबांना कसं सांगू? उभ्या आयुष्यात त्यांनी एकच अभिमान मिरवला – “लहान मासा कधी मारला नाही. जाळ्याची भोकं मोठीच ठेवली.” लहान सोडले, मोठे तेवढे उचलले. नेमकं तेच नडलं.

१० फेब्रुवारी
त्यांनी विचारलंच. मला खोटं बोलता येत नाही. सगळं सांगितलं.
“म्हणजे मोठे सोडायला हवे होते?”
मी हो म्हटलं. चहा तसाच ठेवून ते उठले. फार वाईट वाटलं.

११ फेब्रुवारी
सकाळी दाढी करताना, आरशातच बघत म्हणाले, “जाळं फाटलं नव्हतं. पोट अंड्यांनी टच्च भरलं होतं तिचं. हात उचलेना. मीच कापलं.”