जागेवर सर्व्हिस

२३ ऑक्टोबर
दसऱ्याला आणलेला ट्रॅक्टर आज बंद पडला. रानाच्या मधोमध. मागं पेरणीयंत्र, त्यात हरभरा भरल्याला, आन् इंजिन गप. पेरणीजोगा वाफसा असा आलाय की ढेकूळ नुसतं दाबलं की फुटतंय. असला वाफसा लई दिवस थांबत न्हाय.
किल्ली फिरवली. परत फिरवली. उतरून टायरला लाथ मारली. पाय दुखतोय.
शिवकुमारला फोन लावला. नळदुर्गच्या शोरूमातला पोरगा. ट्रॅक्टर ह्यानंच माझ्या गळ्यात मारला. म्हणला काका, डिझेल पंप गेला आसंल, टेन्शन घेऊ नका, वारंटीत हाय, एक रुपाया लागणार न्हाय. म्या म्हणलं शाब्बास, कधी येतूस. तर म्हणतो तुमी आणायचा. सोलापूरला, वर्कशॉपला. नेण्याचं भाडं तुमचं.
फोन आपटला. म्हंजी त्यानं आधी ठिवला हुता.
गल्लीतल्या बलभीमची बैलं जोडून ट्रॅक्टर घरापुढं आणला. पन्नास घोड्यांची ताकद म्हणून घेतल्याला, दोन बैलांनी वढला. गल्ली बघत हुती.

२४ ऑक्टोबर
पोराचा, योगीराजचा, पुण्याहून फोन. आबा चिडू नका, तारीखवार लिहून ठिवा, ग्राहक मंचात कामाला येतंय. चिडलंय कोण.
तर मुद्दा असा. पूजेदिवशी शिवकुमार सगळ्यांच्या देखत म्हणला हुता, काय बी झालं तरी जागेवर सर्व्हिस. जागेवर. माझी जागा म्हंजी माझं रान. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?
आज त्याला हे ऐकवलं. तर म्हणतो काका, जागेवर म्हंजी लगीच. तुमी गाडी आणली की थांबायचं काम न्हाय, हितल्या हितं. आमच्या जागेवर.
चौथी पास हाय म्या. मला मराठी शिकवतोय.
साक्षीदार हाय माझ्याकडं. महालिंगप्पा. बांधाला बांध लागून रान त्याचं, पूजेला पहिल्या वळीत उभा हुता. जाऊन विचारलं, तो काय म्हणला हुता, सांग. टोपी काढून डोकं खाजवलं त्यानं. मग म्हणला, "म्या पेढ्याकडं बघत हुतो."
वर म्हणतो माझ्या जुन्या ट्रॅक्टरनं हरभरा पेरून टाकू की. म्या म्हणलं गरज न्हाय. ह्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत बांधावर बसून माझी अर्धी हयात गेली. पुन्हा त्याच्याच दारात जायचं असतं तर नवा घेतला कशाला?
ठराव. एक, भाडं द्यायचं न्हाय. दोन, ट्रॅक्टर चालू होऊन येईल तवाच त्याच्यावर बसून रानात जायचं. तवर रानात पाय टाकायचा न्हाय.
लक्ष्मीबाईला दोन्ही ठराव सांगितले. म्हणली बरं.
बायकूचा पाठिंबा हाय.

२५ ऑक्टोबर
कंपनीच्या फुकट नंबरवर फोन. हिंदीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. मग गाणं. गाणं संपलं की पुन्हा तेच गाणं. दुपारच्याला एक बाई बोलली. लई गोड. म्हणली आपकी परेशानी समझ सकते हैं. समजली हुती तर मग भाडं द्या. तर म्हणली उसके लिए अपने डीलर से संपर्क करें.
शेवटी मशीन म्हणलं सेवा कशी वाटली, एक ते पाच दाबा. राग किती हाय ते कळू दे म्हणून सगळ्यात मोठा आकडा दाबला. पाच.
आता हालतील.

२६ ऑक्टोबर
हालले न्हाईत.
लक्ष्मीबाई म्हणली भाडं देऊन टाका, रानातली वल चाललीय. म्या म्हणलं भाड्याचा प्रश्नच न्हाय, प्रश्न शब्दाचा हाय. ती म्हणली शब्द पेरायचाय का हरभरा?
बाईमाणसाला कायदा कळत न्हाय.
शिवाय माझं रान काळं. माझ्या रानात वल टिकती. बघायला गेलो न्हाय, ठराव हाय. पर टिकती.

२७ ऑक्टोबर
डोकं चाललं. धिंड काढायची.
नवा कोरा ट्रॅक्टर बैलांनी वढत हायवेनं नळदुर्गला न्यायचा, थेट शोरूमच्या दारात. पुढं हलगी. ट्रॅक्टरवर फ्लेक्स, जाहीर निषेध. येणारं जाणारं बघंल, गिऱ्हाईक पळंल, मालक माझ्या पाया पडंल. आन् भाडं बी न्हाय, बैलं बलभीमची. दोन जोड्या लावू म्हणला.
नळदुर्गला जाऊन फ्लेक्स सांगून आलो. फ्लेक्सवाला म्हणला मजकूर काय. म्या म्हणलं निषेध. म्हणला फोटो? म्या म्हणलं फोटो तर पाहिजेच, फसवलं कोणाला ते कळाय नको? मोठा टाक. फेट्यातला टाक, पुतणीच्या लग्नातला. तो म्हणला मग अक्षरं बारकी होतील. म्या म्हणलं होऊ दे, शानपणा करू नको.
योगीराजला सांगितलं. म्हणला आबा, परत एकदा सांगा. अभिमान वाटला आसंल.

२९ ऑक्टोबर
धिंड जोरात झाली. जसं घडलं तसं लिहितो.
सकाळी निघालो. बलभीमनं बैलांना झुली घातल्या, शिंगाला गोंडे बांधले. म्या म्हणलं आरं निषेध हाय. तो म्हणला हायवेला बैलं अशीच न्यायची का, लाज न्हाय का आपल्याला. हलगीवाल्यांना सांगितलं रागात वाजवा. ते म्हणले आमाला वरातीचंच येतंय.
पुढच्या फाट्यावर लोक जमले. एकानं नारळ फोडला. म्या वर सीटवर बसून वरडत हुतो, फसवलंय, फसवलंय. हलगीत काय ऐकू जाईना. लोक हात जोडत हुते, म्या बी जोडले. कुणीतरी गुलाल टाकला. डोळ्यात गेला. धाब्यावरच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न दिले. एक म्हातारा जवळ येऊन म्हणला, लई बरं केलंत, आजकाल ट्रॅक्टर घेतेत पर बैलांना इसरतेत, तुमी बैलांच्या हातनं मिरवणूक काढली. म्या म्हणलं ही धिंड हाय. तो म्हणला व्हय व्हय, आन् बैलाच्या पाया पडला.
शोरूमच्या दारात पोचलो. गर्दी लई. म्या फ्लेक्सकडं बोट केलं. फ्लेक्सवर सगळा म्याच हुतो. निषेध खाली कोपऱ्यात हुता, त्याच्यावर झेंडूचा हार आल्ता.
मालक भाईर आला. उमाशंकर नाव. आला तो शाल घेऊनच आला. खांद्यावर टाकली. शिवकुमारनं मोबाईल पुढं धरला, म्हणला काका दोन शब्द.
आता म्या काय सोडतो का? असा टोमणा मारला की आयुष्यभर ध्यानात राहील. म्या म्हणलं, "असली सर्व्हिस म्या जन्मात बघितली न्हाय. सगळ्यांनी हितंच यावं आन् आपल्या डोळ्यानं बघावं."
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकाचे डोळे भरून आले. टोमणा बरोबर काळजात बसला.
ट्रॅक्टर त्याच्या दारातच सोडून आलो. आता बघू कसा धंदा करतो ते.
घरी आलो तर लक्ष्मीबाई न्हाणीत पाय धूत हुती, गुडघ्यापतूर माती. म्या म्हणलं कुठं गेलतीस. म्हणली भाजी आणाय.

३१ ऑक्टोबर
जिंकलो.
उमाशंकरनं स्वतः फोन केला. म्हणला काका, तुमचा व्हिडिओ लई चाललाय, तुमच्यासारखा माणूस म्हंजी आमचं भाग्य, पंपाचं शिवकुमार आत्ता बोलला मला. नवे ट्रॅक्टर उतरवून आमचा ट्रक सोलापूरला रिकामाच जातो, त्यात घालून पाठवतो. भाडं न्हाय.
भाडं न्हाय! घाबरला. धिंडीला भल्याभल्यांचं पाणी होतंय.
लक्ष्मीबाईला म्हणलं बघितलंस? ती म्हणली बघितलं, वैष्णवीनं पाठवलं मोबाईलवर, शाल चांगली हाय. वैष्णवी म्हंजी सूनबाई. तिच्या आफिसात बी बघितला म्हणं. पुण्यापतूर दहशत गेलीय.
बियाण्याची पोती पडवीत दिसंनात. लक्ष्मीबाई म्हणली उंदरं लागली हुती, आत ठिवली. बरं केलं. एवढं ध्यान तरी हाय तिचं.

२ नोव्हेंबर
एसटीनं सोलापूरला वर्कशॉपात जाऊन बसलो. नजर ठिवायला. जागेवर म्हणले हुते, ह्यांच्या जागेवर बी लगीच न्हाय. पंपाचा पार्ट येणार हाय म्हणं. कुठनं? तर येणार हाय. मेकॅनिक चहा पाजतो आन् सेल्फी काढतो. म्या चहा पेलो. सेल्फीत रागानं बघितलं.
परतीला स्टँडवर महालिंगप्पा भेटला. दुसरीकडंच बघाय लागला. साक्ष फिरवली त्याची लाज वाटत आसंल. म्या बी तोंड फिरवलं. आपला बी ताठा हाय.

४ नोव्हेंबर
डोकं फिरलं आज.
बलभीम पेढे घेऊन आला. म्हणला ट्रॅक्टर बुक केला. कुठला? तर माझाच. म्हंजी माझ्या कंपनीचा, त्याच शोरूमातनं. म्या म्हणलं आरं गाढवा, तूच बैलं जोडली हुतीस ना निषेधाला? तो म्हणला आण्णा, आदी वाटलं व्हतं निषेध हाय. पर तुमी शोरूमपुढं एवढं मनापासनं बोललाव की माझं मत बदललं. बैलं इकायला काढलीत म्हणला.
म्या त्याला टोमणा म्हंजी काय ते समजून सांगितलं. त्यानं शेवटपतूर ऐकलं आन् पेढा पुढं केला.
खाल्ला. राग पेढ्यावर न्हाय.
वल टिकली आसंलच. लक्ष्मीबाईला विचारलं, रान कसं हाय. म्हणली चांगलं हाय. म्या सांगतच हुतो.

७ नोव्हेंबर, दिवेलागणीला
काल पार्ट आला. ट्रॅक्टर सुरू झाला. रात्री वर्कशॉपातच झोपलो, सकाळी सोलापूर सोडलं, हायवेनं स्वतः चालवत आणला. पंप एकदम भारी. नळदुर्गला शोरूमपुढनं जाताना दोनदा हॉर्न मारला, इशारा म्हणून. शिवकुमारनं आतनं हात हालवला.
घरी थांबलोच न्हाय, पेरणीयंत्र लावलं तेवढंच. ठरावाप्रमाणं ट्रॅक्टरवर बसून तडक रान गाठलं. पोती काय सापडली न्हाईत, म्हणलं आदी एक फेरा मारू, लक्ष्मीबाई बियाणं घेऊन येईल.
लक्ष्मीबाई बांधावरच हुती. खुरपं घेऊन. तिनं हात आडवा धरला.
"आत घालू नका," म्हणली. "उगवलाय."
म्या उतरलो न्हाय. वरनंच बघितलं. हरभरा. ह्या बांधापासनं त्या बांधापतूर, वळी सरळ. दोन दोन पानं. तूट कुठंच न्हाय.
कवा पेरला म्हणून विचारलं. म्हणली तुमी मिरवणुकीला गेलताव त्या दिवशी, महालिंगप्पाभावजींनी पेरून दिला. म्या म्हणलं धिंड. ती म्हणली व्हय, त्या दिवशी. म्या म्हणलं मला सांगायचं न्हाय? ती म्हणली तुमचा ठराव हुता, म्हणलं कशाला मोडावा.
इंजिन चालूच हुतं. आवाज चांगला हाय.
भांडायला काय तरी पाहिजे म्हणून विचारलं, महालिंगप्पानं भाडं किती लावलं. म्हणली घेतलं न्हाय.
मग ती म्हणली, आता आणलाच हाय तर गावात चला, दळण न्यायचंय. पायलीभर ज्वारी हाय, डोक्यावर जड होती.
पेरणीयंत्र सोडलं. दळण नेलं. गिरणीपुढं लावायला जागा मिळाली न्हाय, चालूच ठिवून वर बसलो. गिरणीवाला म्हणला व्हिडिओत बघितलं तुमाला. पीठ बारीक दळून दिलं.