सावलीच्या कडेला

अण्णा, मी इंग्लंडला जाऊन आले. तिथे पोचल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर सावली शोधली. तुम्ही असतात तर हसून हसून तुम्हाला ठसका लागला असता. मे महिना, माझ्या अंगात दोन स्वेटर, नाक गळतंय आणि तुमची लेक आपल्या मुलीला सांगतेय, "गाडी त्या झाडाखाली लाव, तिथे सावली आहे." मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, मग वर आभाळाकडे. सूर्य नेमका कुठे आहे हे शोधावं लागत होतं. "आई, इथे कोणी शेड बघून पार्क नाही करत," ती म्हणाली. "लाव गं तरी. परत येईपर्यंत सीट तापायला नको," मी म्हटलं. तिने गाडी झाडाखाली लावली. मस्कतमध्ये एवढं आयुष्य काढलेल्या बाईचं डोकं दुसरं काय चालणार!

तुम्ही हिला पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी ती झाली. नाक तुमचं आहे, आणि कामात असताना ओठ दाबून धरायची सवयसुद्धा. लग्नानंतर मी परत मस्कतला आले, तशी तीही दार्सैतच्या त्याच गल्ल्यांत वाढली, इंडियन स्कूलमध्ये शिकली, मराठी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधते. आणि इंग्लंडला शिकायला काय गेली, तर जंगलं. आम्हाला वाटलं होतं, वाळवंटात वाढलेल्या पोरीचं खूळ आहे, दोन वर्षांत उतरेल. उतरलं नाही. शिक्षण संपलं आणि जिथे शिकता शिकता काम करत होती, त्या जंगलाची देखभाल करणाऱ्या लोकांनी तिला कायमची नोकरी देऊ केली. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. इकडे मस्कतमध्येच, बौशरमधल्या एका ऑफिसात पर्यावरणाचं काम चालतं, तिथेही शब्द टाकून ठेवला होता. ती फोनवर म्हणायची, "तू सांगशील तसं करीन, आई." असं म्हटलं की आईचं काम किती अवघड होतं ते पोरांना कळत नाही. ह्यांना रजा मिळत नव्हती, त्यांचा मालक, तो अर्बाब, नुसतं "इन्शाल्ला" म्हणत राहिला, तेव्हाच आम्ही समजलो की खलास. मग मी एकटीच निघाले. वरवर सांगायला म्हणून मुलीचं कौतुक बघायला. खरं तर मी तिला परत आणायला निघाले होते. विमानात बसून सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती.

जंगलापर्यंत जायला शेतांमधून चालावं लागलं. तिकडे शेतकऱ्याच्या शेतातून सरळ पायवाट जाते, आणि त्या वाटेने कुणीही चालत गेलं तरी कोणी हटकत नाही. शेतांच्या मध्ये आपल्याकडच्या वईसारखी कुंपणं, पण जिवंत झुडपांची, पांढऱ्या फुलांनी लगडलेली. कुंपणाला लाकडाच्या दोन पायऱ्या ठोकलेल्या असतात, त्यावर चढून पलीकडे उतरायचं. मी साडी नेसले नव्हते हे नशीब. मेंढ्या आमच्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. चिखल एवढा की बूट प्रत्येक पावलाला खाली राहू बघत होता. मग झाडं सुरू झाली आणि आत शिरताच मला लसणीचा वास आला. चांगला सणसणीत, तेलात लसूण टाकल्यासारखा. "इथे कोण स्वयंपाक करतंय?" मी विचारलं. मुलगी वाकली, एक रुंद पान खुडून माझ्या हातात दिलं. रानातली लसूण होती ती. सगळी जमीन त्या पानांनी भरलेली, आणि पुढे जाऊन बघते तर निळी फुलं, झाडांच्या बुंध्यांमधून जिथवर नजर जाते तिथवर निळी. एवढी मोठी पानझाडी, एवढं हिरवं, आणि कोणी लावलेलं नाही, कोणी पाणी घालत नाही.

पाण्यावरून आठवलं. मी एका म्हाताऱ्या ओकच्या बुंध्याशी वाकून काळी नळी शोधली. हो, खरंच शोधली. मस्कतमध्ये रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाच्या पायाशी ती थेंब थेंब पाण्याची नळी असते ना, तेच डोळ्यांना ठाऊक. लहानपणी पहिल्यांदा गावी गेले तेव्हा फणसाखाली वाकून मी तुम्हाला विचारलं होतं, "अण्णा, ह्याची नळी कुठाय?" आणि तुम्ही मला खांद्यावर घेऊन अख्ख्या वाडीला ते सांगत फिरला होतात. चार दिवस सगळे मला नळीवाली म्हणत होते. मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मीपण फर्स्ट डेला तेच केलं." मग आम्ही दोघी त्या ओकखाली वेड्यासारख्या हसलो. कुत्र्याला फिरवायला आलेले एक आजोबा आम्हाला बघून हसले आणि टोपीला हात लावून पुढे गेले.

तिचं काम काय ते बघायचं होतं म्हणून ती मला आणखी आत घेऊन गेली. तिथे एका तुकड्यातली हेझलची सगळी झाडं जमिनीलगत कापलेली. "तू झाडं तोडतेस? ह्याच्यासाठी एवढं शिकलीस?" मी ओरडलेच. आपण मस्कतची माणसं, एक बाभूळ जगली तरी पेढे वाटू, अण्णा. ती शांतपणे ओठ दाबून ऐकत होती. मग तिने मला त्या खुंटांजवळ बसवून दाखवलं. प्रत्येक खुंटातून बोटभर लांबीचे कोवळे फुटवे आलेले. "हे मरत नाही, आई. परत येतं. वरचं दाट झालं ना, की खाली अंधार होतो. मग फुलं येत नाहीत, फुलपाखरं जातात. आम्ही थोडं थोडं कापतो. आमचं काम म्हणजे..." ती शब्द शोधायला थांबली, "...खाली ऊन आणणं." मला एकदम आपलं गाव आठवलं, भाताची जमीन भाजायला, राबासाठी ऐनाची टहाळं तोडतात आणि झाड पुन्हा भरतं, ते. तुम्ही लहानपणी टहाळं तोडायला त्या ऐनांवर चढायचात म्हणून सांगत होतात. नात तुमच्याच कामाला लागली म्हणायची. पण मला हसू आलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुम्ही जन्मभर लोकांच्या गच्चीवर एसी दुरुस्त करत लोकांना गारवा दिलात, आणि ही ऊन पाडायचा पगार घेणार.

दुपारी भूक लागली तेव्हा मी पिशवीतून चटई काढली. तीच आपली प्लॅस्टिकची, लाल-हिरवी. म्हणजे तुमची नव्हे, तुमची केव्हाच फाटली, पण त्याच जातीची, रुवीच्या दुकानातली. "आई, सीरियसली? तू मस्कतहून चटई आणलीस?" "मग, ओल्या मातीत बसायचं?" मी ऐटीत म्हटलं आणि जंगलातलं सगळ्यात दाट झाड शोधून त्याच्या बुंध्याशी ती अंथरली. वरून एक कवडसाही येत नव्हता. उत्तम जागा! पोळीचा दुसरा घास घेईपर्यंत माझे दात वाजायला लागले. मुलीचं नाक लाल झालं, ती आदल्या दिवसापासून शिंकतच होती. मी डोकं वर केलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे माणसं सावलीत बसत नाहीत.

आपण शुक्रवारी वाडीत जायचो ते आठवतंय? वाडी म्हणजे तिथे कोरड्या नदीचं पात्र, हे मला गावी प्रत्येकाला समजावून सांगावं लागायचं. कंपनीची पिकअप, मागे पाण्याचे कॅन, आईने केलेली बटाट्याची भाजी आणि बेकरीतली गरम अरबी रोटी, खुबूस. गोट्यांमधून हापटत हापटत गाडी जायची, आणि मैल मैल गेल्यावर एक काटेरी झाड दिसायचं. त्याची सावली ती काय, तिघांची सोय होईल एवढी. तुम्ही आधी उतरून सावली कुठे सरकणार ते बघायचात आणि मग चटई टाकायचात. आईला मध्यभागी, मला तिच्या शेजारी. तुम्ही कडेला. सावली सरकली की "यल्ला, चला, उठा" म्हणून चटई ओढायचात, आम्ही पुन्हा सावलीत, आणि तुम्ही पुन्हा कडेला. निम्मं अंग उन्हात. आई ओला टॉवेल डोक्यावर टाकायला द्यायची, तो तुम्ही खांद्यावर टाकायचात. आणि वर म्हणायचात, "मला ऊन आवडतं." आठवडाभर गच्च्यांवर तापलेल्या पत्र्याशी झटणारा माणूस! आणि आम्ही ते खरं धरलं. मी तर शाळेत निबंधात लिहिलं होतं की माझ्या वडिलांना ऊन फार आवडतं.

एकदा मलाही तुमच्यासारखं व्हायचं होतं, म्हणून मी सावलीतून उठून तुमच्या शेजारी उन्हात येऊन बसले, मांडी घालून, अगदी तुमच्यासारखी. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हतात, पण त्या दिवशी असे ओरडलात की खुबुसाचा तुकडा माझ्या हातातून पडला. "उठ आधी! सावलीत जा गो. उन्हात बसणं हे माझं काम आहे, तुझं नाही." मी तास दोन तास फुगून बसले होते. पुढे पगारात आमचा तिघांचा खर्च भागेना, आईला आणि मला रत्नागिरीला पाठवायचं ठरलं, तेव्हा विमानतळावर मी तुमचा हात सोडत नव्हते. चार परक्या माणसांच्या खोलीत खाट टाकून तुम्ही एकटे राहणार होतात. तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात, "माझी काळजी करू नका. मला इथलं ऊन मानवलंय." आणि मी रडायची थांबले, कारण मला ते पटलं.

तर त्या थंडगार झाडाखालून आम्ही चटई उचलली आणि कापलेल्या तुकड्यात आलो. तिथे ऊन पडलं होतं, पण पुरतं चटईभरसुद्धा नाही, आजूबाजूच्या उंच झाडांमधून येणारं, एका माणसाला पुरेल एवढं. मुलीला मी त्यात बसवलं. ती म्हणाली, "आई, तू इकडे ये. तुला थंडी वाजेल." मी चटईच्या कडेला, सावलीत टेकले. आणि माझ्या तोंडून निघालं, "मला सावलीच आवडते." अण्णा, तो आवाज माझा नव्हता. तोच सूर, तोच बेफिकीर हात झटकणं. मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या जागेवर बसले होते आणि तिथून सगळं किती साफ दिसत होतं! तिच्या केसांवर ऊन होतं, गालाला पुन्हा रंग येत होता, ती पोळी खात होती. मला तिथून हलायचं नव्हतं. तुमची फार आठवण आली. लसणीच्या वासाने डोळ्यांतून पाणी येतंय असं मी तिला सांगितलं.

मग तिने विचारलंच. "सोमवारी मी काय सांगू त्यांना?" विमानात जुळवलेली वाक्यं सगळी तयार होती. बौशरचं ऑफिस, घरचं जेवण, ह्यांचं वाढलेलं ब्लडप्रेशर, सगळं. मी तिच्या हातांकडे बघितलं. नखांत माती, तळव्याला करवतीचे घट्टे. त्या खुंटांतून आलेले फुटवे दाखवताना तिचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं होतं. "राहा," मी म्हटलं. "आमचं काय, आम्ही मस्कतला मजेत असतो." ऊन थोडं सरकलं होतं. ती उठली, तिने चटईचं टोक धरलं आणि मला न उठवताच ती जोर लावून ओढली, एवढी की ऊन माझ्या पायांवर आलं. "यल्ला," ती म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं? मी तर कधी सांगितलं नव्हतं.

आता मी दार्सैतच्या घरी आहे. बाहेर जूनचं ऊन, खिडकीला हात लावता येत नाही. तिची खोली मी रोज झाडते, तिथे झोपायला कोणी नाही तरी. परवा हे म्हणाले, "तू परत आणायला गेली होतीस ना तिला?" मी म्हटलं, "तिला तिकडचं हवामान मानवलंय." ते पेपर वाचत राहिले. चटई मी तिच्याकडेच ठेवून आले. हे पत्र तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही, पण तिच्याही हाती लागू देणार नाही. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं, तरी एवढं तिला कळेल. म्हणून कपाटात ठेवून देते. तिला मी जे सांगितलं ते सांगितलं. पण तुमच्याशी खोटं बोलून काय करू, तुम्ही ते लगेच ओळखाल. त्या दिवशी मला फार थंडी वाजत होती, अण्णा.