दाढेसाठी प्रार्थना आणि सुताराचा रंधा

आदरणीय दादा,

प्रभूच्या कृपेने आम्ही इथे धडधाकट आहोत, आणि तुमचा गुडघा कसा आहे हे विचारायला तुमच्या बहिणीने मला टेबलाशी आणून बसवलं आहे. (शेक घेता ना? ती विचारते म्हणून विचारतो. माझा तुमच्या गुडघ्यावर पूर्ण विश्वास आहे.) बाकी तिचे ताजे पराक्रम तुमच्या कानावर घालावेत म्हणून हा पत्रप्रपंच.

रविवारी उपासना संपता संपता आमचे पाळक प्रार्थनेचे विषय विचारतात. कुणाची परीक्षा असते, कुणाचं बाळंतपण. त्या दिवशी मागच्या बाकावरून चक्क घड्याळजी उठले. बायको गेल्यापासून हा माणूस कुणाकडे जात नाही आणि घरात कुणाला घेत नाही. भेटायला गेलं की दार बोटभर उघडून ‘बरा आहे’ म्हणतो आणि लावून घेतो. दिवसेंदिवस वाळत चालला होता, आणि आम्ही सगळे नुसते हळहळत होतो. तर ते गालावर हात दाबून म्हणाले, ‘माझ्या दाढेसाठी प्रार्थना करा.’ गाल सुजलेला, त्यामुळे अर्धा शब्द तोंडातच राहिला. सगळ्या मंडळीने दाढेसाठी डोळे मिटले. तुमच्या बहिणीने ‘दारासाठी’ ऐकलं, आणि आमेन व्हायच्या आत शेजारच्या सुताराला कोपराने ढोसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची वरात निघाली. पुढे ही, मागे सुतार, त्याच्यामागे हत्यारांची पेटी उचलून मी. (माझी कंबर कशी आहे हे कुणी विचारत नाही.) घड्याळजींना तोंड उघडवेना, म्हणून ते हातवारे करून गाल दाखवू लागले. ‘बघा, रडकुंडीला आलेत बिचारे,’ असं म्हणून हिने दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. सुतार म्हणाला, दाराला काही झालेलं नाही. ही म्हणाली, ‘घासतंय.’ तो रंधा मारत गेला, ही ‘अजून थोडं’ म्हणत गेली, आणि शेवटी दार इतकं तोकडं झालं की ते चौकटीत नुसतं शोभेला उरलं असतं. नवीन करणं आलं.

आत जे दिसलं त्याने मात्र माझी थट्टा जिरली. खाटेवर कपड्यांचा ढीग, म्हणजे माणूस खुर्चीतच झोपत होता. शेगडीवर धूळ. बायकोच्या चपला जागच्या जागी. हिने उपदेशाचा एक शब्द काढला नाही. पदर खोचून भांडी घासायला बसली आणि मला म्हणाली, ‘यांना आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या.’ (तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

बिनदाराच्या घराला राखण हवी, म्हणून मंडळीतली माणसं पाळीपाळीने उंबऱ्याशी बसू लागली. उंबऱ्याशी बसलेल्याला चहा विचारावाच लागतो, आणि चहा आला की बोलणं आलं. परवा माझ्या पाळीला घड्याळजी बायकोबद्दल बोलले, पोटभर रडले, आणि मग माझं मनगटावरचं घड्याळ मागे पडतं म्हणून मलाच झापलं. मी पाळकांना विचारलं, असं न बोलावता कुणाच्या घरात घुसणं बरं का? त्यांच्याआधी हीच म्हणाली, ‘बायबलातल्या त्या झाडावर चढून बसलेल्या जकातदाराच्या घरी जायला प्रभू आमंत्रणाची वाट बघत बसला होता का?’ पुढच्या उपदेशासाठी हे टिपून घ्यायला पाळकांनी खिशातून पेन काढलं. दादा, हिच्याबरोबर संसार म्हणजे दमछाक आहे, पण खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटतो.

तुमच्या बहिणीचा हमाल,
अर्थात मी

ता. क. – नवं दार केव्हाच तयार होऊन सुताराच्या दुकानात उभं आहे. हिनेच त्याला ‘घाई करू नका’ म्हणून बजावलंय. खडसावून विचारलं तर म्हणते, ‘माझे कान ठणठणीत आहेत. ते दाढच म्हणाले होते.’

आणखी एक ता. क. – वहिनी गेल्यापासून तुम्ही आमच्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही, आणि फोनवर ‘बरा आहे’ एवढं बोलून ठेवून देता. ही विचारते आहे, तुमच्या दाराची रुंदी किती?