मंगळवारी दार लावून मी मोजे विणत होतो

मी, महिपती सोनबा कोकरे, वय ६४ वर्षे, धंदा एस.टी.चा निवृत्त चालक, राहणार भिगवण, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही, आणि मी कसल्याही अमलाखाली नाही. इंदापूरच्या वकिलांनी कच्चा मसुदा करून दिला आणि "मिळकतीपुरतं लिहा, पाल्हाळ लावू नका" असे बजावले. मसुदा वापरला आहे. सल्ला पाळता आलेला नाही.

कलम १. स्टेशन रस्त्यावरचे माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, पुढच्या पडवीसह, नोकरीच्या पैशातून बांधलेले असून स्वकष्टार्जित आहे. त्यात भाऊबंदांचा हक्क नाही. ते माझ्या पश्चात माझा मुलगा अजित, नोकरीनिमित्त राहणार पुणे, यास मिळावे. मात्र एक अट आहे. मोजे मंडळ पुन्हा सुरू झाले तर पडवी दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच त्यांना मोकळी करून द्यावी. दोनच बायका आल्या तरी द्यावी.

अजित, हे मंडळ कुठले, असे तू विचारशील. तुला मी कधी सांगितले नाही. ते आता लिहितो.

कलम २. वडिलार्जित जमीन कायद्याने जिकडे जाईल तिकडे जाईल, तिच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पोस्टातली ठेव नात छकुली हिच्या शिक्षणासाठी ठेवावी, लग्नासाठी मोडू नये. घड्याळ अजितने वापरावे. ते रोज पाच मिनिटे मागे पडते.

कलम ३. माझ्या लोखंडी पेटीत पुढील वस्तू आहेत: विणकामाच्या चार-चार सुयांचे तीन संच, माझ्या वडिलांची सूत काढायची टकळी, लोकरीचे गुंडे, आणि मी विणलेले मोज्यांचे अकरा जोड. ही पेटी मंडळाची. तिच्या तळाशी मळक्या पिशवीत सुयांसकट एक अर्धा मोजा आहे. तो कोणी पुरा करू नये आणि उसवूही नये.

मे १९९२ मध्ये मी निवृत्त झालो. अजितची आई त्याआधी दोन वर्षे गेली होती. एकतीस वर्षे ज्या पाटीखाली बसून मी गाडी चालवली, तिच्यावर लिहिले होते, "चालकाशी बोलू नये". लोकांनी ती पाटी पाळली. घरी बसल्यावरही ती माझ्या डोक्यावर असल्यासारखीच होती. सकाळी चहाच्या टपरीवर चार माणसे भेटत, पाऊसपाणी, ऊस, कारखाना, एवढे बोलून होई, आणि दिवस संपता संपत नसे.

त्याच साली बँकेच्या साहेबांच्या पत्नी प्रगतीताई भिगवणला राहायला आल्या. त्यांना विणकामासाठी देशी मेंढीची लोकर हवी होती. बाजारात भाजी-माळवे विकणाऱ्या सिंधुबाईंनी त्यांना माझे नाव सांगितले, कारण माझ्या वडिलांची मेंढरे होती हे सगळ्या गावाला ठाऊक. मी लोकर आणि टकळी घेऊन त्यांच्या घरी गेलो. सूत कसे काढायचे ते दाखवले. ताई म्हणाल्या, "आबा, आता बसा, चहा होतोय." त्या बसण्यातून उठायला मला दोन वर्षे लागली.

ताईंनी मला विणायला शिकवले, आणि दर गुरुवारी त्यांच्या घरी मोजे मंडळ बसू लागले. मंडळात आम्ही चारच जण. प्रगतीताई, सिंधुबाई, ब्लाऊज शिवून पोट भरणाऱ्या विधवा जयवंताबाई, आणि मी. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ताई डब्यातून एक चिठ्ठी काढायच्या. तिच्यावर त्या महिन्याचा विषय. त्या विषयावर प्रत्येकाने एक जोड विणायचा, आणि शेवटच्या गुरुवारी सगळे जोड दोरीवर टांगायचे. भिगवणच्या उन्हात लोकरीचे मोजे घालणार कोण? कोणी नाही. ताईंचे भाऊ पहाडात फौजेत होते, त्यांच्या पलटणीला आम्ही पाठवत होतो. पण खरे सांगायचे तर मोजे कोणाला उपयोगी पडावेत म्हणून आम्ही बसत नव्हतो.

एका महिन्यात विषय निघाला "धरणावरचे पाहुणे". थंडीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते विणायचे होते. मी लोकर घरी रंगवली. गुलाबी व्हायची ती तांबडीलाल झाली. दोरीवर टांगल्यावर सिंधुबाई म्हणाल्या, "आबा, ह्यो पक्षी न्हाय, कोंबडा हाय, आन त्याला ताप आलाय." "मासळी" विषयाला त्यांनी मोज्याच्या बोटांवर माशाचे डोळे विणले. पायात घातला की मासा आपल्याकडे बघायचा. "प्रवास" निघाला तेव्हा मी तांबड्या मोज्यावर पिवळा पट्टा घेतला आणि घोट्याशी माझ्या जुन्या गाडीचा नंबर विणला. जयवंताबाई म्हणाल्या, "आता ह्या गाडीत बसायचं कसं?" मी म्हणालो, "पाय पुढं घालून." ताईंच्या हातातला कप हिंदकळला. एवढ्या-तेवढ्यावर आम्ही डोळ्यांत पाणी येईतो हसायचो. गुरुवार उजाडला की मी दाढी करायचो. माझ्याशी तीन-तीन माणसे एकदम बोलत होती.

आणि हे मी गावापासून लपवले. पिशवीवर वर्तमानपत्र घालून न्यायचो. टपरीवर सांगायचो, बँकेत काम आहे. कोकऱ्यांचा महिपती, मिशीवाला, घाटात गाडी काढणारा, बायकांत बसून उलट-सुलट टाके घालतो हे कळले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही असे वाटे. एका गुरुवारी मी जयवंताबाईंकडून वचन घेतले, की मी विणतो हे त्या कोणाला सांगणार नाहीत. त्या म्हणाल्या, "न्हाय सांगनार, आबा. माज्या लेकीची शपथ." सिंधुबाईंकडून मात्र वचन घेता आले नाही. त्या म्हणाल्या, "मी बाजारात बसती. माज्या तोंडाचा भरोसा मलाच न्हाय."

कलम ४. हे कलम माझ्या अपराधाचे आहे.

जून १९९४ मध्ये प्रगतीताईंची बदली झाली. मंडळ गुरुवारी जयवंताबाईंच्या खोलीत बसू लागले. मोज्याची टाच वळवणे मला जमत नसे. दर वेळी टाके कमी पडत. जयवंताबाई म्हणाल्या, मंगळवारी बाजार नसतो, शिलाईही कमी असते, या, शिकवते. मी मंगळवारी जाऊ लागलो. सिंधुबाई मंगळवारी शेतावर असत, म्हणून आम्ही दोघेच. पहिल्या मंगळवारी दार उघडे होते. रस्त्यावरून माणसे जात-येत होती आणि माझ्या हातात सुया होत्या. "दार पुढं करा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "कशाला, वारा येतोय की." मी उठलो आणि दार लावले. कडी मी घातली. ही गोष्ट मी लिहून ठेवतो. त्यांनी दार लावले नाही, मी लावले.

असे सहा-सात मंगळवार झाले. जयवंताबाईंचे थोरले दीर मोहनराव यांना ती रस्त्याकडची खोली दुकानासाठी हवी होती. त्यांना निमित्त मिळाले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांनी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर भावकीची बैठक बोलावली. दहा-बारा बाप्ये होते. जयवंताबाई खांबाशी उभ्या होत्या. मला बोलावणे आले तेव्हा मी मंगळवारचाच निघालो होतो. पिशवी हातात होती.

मोहनराव म्हणाले, "आबा, तुमी मोठं मानूस. इचारायला लाज वाटतीया. मंगळवारचं दार लावून तुमी तितं काय करत व्हता?"

मी म्हणालो, "मी तितं कवा गेलोच न्हाय."

"दोगांनी बगितलंय."

"मग दुसरं कोन तरी आसंल."

जयवंताबाईंनी माझ्याकडे बघितले. विणताना मी टाका चुकलो की त्या बोलायच्या नाहीत. मला स्वतःला चूक दिसेपर्यंत नुसत्या बघत बसायच्या. त्या दिवशीही तशाच बघत होत्या. शपथ घातली होती मी. सोडवायची होती मीच. पिशवीत हात घालून तो अर्धा मोजा बाहेर काढला असता तर बैठक तिथेच संपली असती. माझा हात पिशवीत गेला नाही.

तेवढ्यात सिंधुबाई शेतावरून रिकामी पाटी घेऊन रस्त्याने चालल्या होत्या. गर्दी बघून त्या पुढे आल्या, आणि सगळे ऐकून म्हणाल्या, "आरं, ह्यो बाबा तितं मोजं इनतो. मी सोता बगितलंय."

ओटा हसला. मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मोजं? मी?" आणि त्यांच्याबरोबर हसलो. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

त्यानंतर कोणी काही विचारले नाही. मी गेलोच नाही म्हणालो, आणि जाताना तर लोकांनी पाहिले होते. माझ्या खोट्यामुळेच त्यांच्या संशयाला पुरावा मिळाला. बायकांनी जयवंताबाईंकडे कापड टाकणे बंद केले. महिन्याभरात त्यांनी शिलाई मशीन टेंपोत घातले आणि लासुर्ण्याला भावाकडे गेल्या. मुलगी प्रतिक्षा नववीत होती, तिचे नाव शाळेतून काढावे लागले. खोलीत मोहनरावांचे दुकान झाले. मोहनरावांनी लोभ केला, त्याचे ते बघतील. माझ्या तोंडाला कुलूप त्यांनी घातले नव्हते. मला विधुर म्हणून कोणी एका शब्दाने बोलले नाही. टपरीवर माझा चहा पहिल्यासारखाच येत राहिला. सिंधुबाई माझ्याशी बोलायच्या थांबल्या, तेवढेच.

कलम ५. श्रीमती जयवंताबाई, सध्या राहणार लासुर्णे, यांना मी माझ्या मिळकतीतून काहीही देत नाही. याचे कारण नोंदवतो.

गेल्या साली, १९९७ च्या दिवाळीनंतर, मी लासुर्ण्याला गेलो होतो. त्यांनी मला पाणी दिले, बसायला पोते टाकले. त्यांच्या चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला होता. मी म्हणालो, "बाई, माझं घर तुमच्या नावावर करतो." त्या शिवत होत्या, त्यांनी मशीन थांबवले नाही.

"नको, आबा. तुमचं घर माज्या नावावर झालं, तर भावजी म्हनतील, बगा, म्हनलं न्हवतं का."

ते खरे होते. मी देऊ शकत होतो ती प्रत्येक वस्तू त्यांच्यावरचा आळ पक्काच करणार होती. मी विचारले, "मग मी काय करू?"

मग त्यांनी मशीन थांबवले. "जितं न्हाय म्हनला, तितं व्हय म्हना. मला हितं सांगून काय उपेग?"

मी "बरं" म्हणालो आणि परत आलो. परत येऊन जवळजवळ वर्षभर काहीही केले नाही. मग तब्येत बिघडली, आणि हे मृत्युपत्र लिहायला घेतले. त्यात शेवटचे कलम असे होते, की माझ्या दहाव्याच्या दिवशी हे पत्र मारुतीच्या ओट्यावर मोठ्याने वाचावे. मला वाटले, हे बरे झाले. साक्षीसाठी कागद घेऊन मी सिंधुबाईंकडे गेलो. पावणेचार वर्षांनी आम्ही समोरासमोर बसलो. त्यांच्या नातवाने त्यांना सगळे वाचून दाखवले.

सिंधुबाई म्हणाल्या, "म्हंजी मेल्यावर वाचायचं?"

"व्हय."

"मेल्यावर तुमाला कोन हसनार? तिला लोक जित्तेपनी बोलल्यात. तुमी जित्तेपनी ऐकून घ्या, मग मी आंगठा देती." आणि कागद माझ्याकडे सरकवला.

कलम ६. म्हणून मूळचे शेवटचे कलम मी रद्द करीत आहे. त्याच्या जागी पुढील हकीकत वाचावी.

परवा मंगळवारी दुपारी तीन वाजता मी नव्या सुया आणि लोकर घेऊन मारुतीच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि विणायला लागलो. टाके सैल पडत होते. माणसे जमली. मोहनराव दुकानातून आले. मी म्हणालो, "मोहनराव, मंगळवारचं दार लावून मी ह्ये करत हुतो. दार मी लावलं हुतं. त्या बाईनं माजं नाव राखलं, आन मी हितं बसून खोटं बोललो. तिच्यात काडीचा दोष न्हाय."

लोक हसले. एकाने विचारले, म्हशीसाठी चार विणून द्याल का. एकाने माझी मिशी आणि लोकर शेजारी धरून रंग जुळतो का पाहिले. मोहनराव हसले नाहीत. ते दुकानात गेले. टपरीवरून चहा आला, सगळ्यांनी घेतला, मलाही दिला. चहा संपेपर्यंत हसू टिकले. मग कोणीतरी उसाच्या तोडीचे काढले आणि सगळे तिकडे वळले.

एवढेच होते. एका चहाइतके हसे. तेवढे टाळण्यासाठी मी एका बाईचे घर आणि एका मुलीची शाळा घालवली.

त्याच संध्याकाळी लासुर्ण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या चालकाजवळ मी झाले ते सगळे सांगून निरोप दिला. काल त्याच गाडीने उलट निरोप आला. "कळलं म्हनावं." इतकाच. त्यात माफ केले असे म्हटलेले नाही. तसा अर्थ माझ्या वारसांनी किंवा इतर कोणीही काढू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमक्ष वाचून दाखवला, तो खरा आहे, म्हणून खाली सही केली आहे.

(सही) महिपती सोनबा कोकरे

साक्षीदार:
१. सिंधुबाई रावजी बनकर, राहणार भिगवण. डाव्या हाताचा अंगठा. (साक्षीदारास मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितले. बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मला काय बी नको.")
२. शंभूराज आबाजी हाके, चहाची टपरी, राहणार भिगवण. (सही)

ठिकाण: भिगवण, तालुका इंदापूर
गुरुवार, दिनांक २६ नोव्हेंबर १९९८