दालियानचं थंड शेवाळ

फोशान, ३ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,
हिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. गुडघे गार पडतात, बोटं गार पडतात म्हणतेस, आणि त्याच पत्रात रोज गार कलिंगड खाल्ल्याचंही लिहितेस. अठ्ठावीस वर्षं हार्बिनला राहून तू उत्तरेची झालीस, पण पोट आईनं दिलेलं दक्षिणेचंच आहे. तुझ्यात यिन, म्हणजे थंडपणा फार; यांग, म्हणजे उष्णता कमी. सकाळी आल्याच्या तीन चकत्या उकळून घे. साल काढून. साल थंड, गर उष्ण; हे लोकांना माहीत नसतं.

माझं उलट. एप्रिलमध्ये आईबाबांच्या थडग्यांची झाडलोट करून आलो, तेव्हापासून अंगात यांग उसळलंय. घाम, छातीत धडधड. चार वाट्या भात खाऊनही पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. डॉक्टरकडे जायचं कारण नाही. एकतीस वर्षं वैद्यकाची पुस्तकं मीच वाचली आहेत, आणि तीही कोणी न शिकवता. रोज मूग आणि समुद्री शेवाळाचं गोड सूप घेतो. दोन्ही थंड. शेवाळ एक लिआंग, म्हणजे सुकं मूठभर, पण मुठीनं नव्हे, मी बनवलेल्या काट्यावर तोलून. इथलं शेवाळ पातळ, त्यात वाळू. तुमच्याकडे दालियान बंदराचं जाड मिळतं, ते पाठव.

औषधांच्या दुकानवाल्या क्वाननं माझा नवा काटा परत पाठवला. म्हणे दांडीवर वजनाच्या खुणांसाठी ठोकलेले पितळी ठिपके सरळ रेषेत नाहीत. त्याला चष्मा लागला असणार.

लोभ आहेच, शेवाळाच्या पुडक्यात आणखी थोडा बांध.

तुझा,
हिन


हार्बिन, १७ ऑगस्ट

चि. हिन यास,
ताईचे अ. उ. आ.

आलं घेते. साल तुझ्या नावानं काढते. कलिंगडाचं मात्र बोलू नकोस. तुझे भावोजी अख्खं आणतात आणि अर्धं खाऊन घोरायला लागतात, उरलेलं कोणी संपवायचं?

चार किलो शेवाळ पाठवलंय. भावोजींनी आगगाडीवरच्या ओळखीच्या माणसाकरवी दालियानहून मागवलं. एकेक पान मी फडक्यानं पुसलंय, तेव्हा वाळूवरून बोलणी नकोत.

एक विचारायचं होतं. लहानपणी तू बिनरेघी कागदावर लिहायचास, आणि बाबा ओळींना फूटपट्टी लावून बघायचे नि हरायचे. ती फूटपट्टी अजून माझ्याकडे आहे. या वेळी तुझ्या ओळी उजवीकडे वर चढल्यात. घाईत होतास का? पुइचानला विचारलं तर ती बायको म्हणून सगळं ठीकच सांगेल, म्हणून तुलाच विचारते.

माया कमी पडली तर कळव, टपाल रोज जातं.

ताई


फोशान, ९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शेवाळ उत्तम. तरी उष्णता हटत नाही, याचा अर्थ एकच: मात्रा कमी पडते. आता दोन लिआंग घेतो. दुकानात बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं. दुकान ते घर दिवसात आठ चकरा होतात. काल पुइचाननं माशावर आलं घातलं. माझी उष्णता वाढवायची असेल तर सरळ चुलीतच बसव, म्हटलं, आणि वाटी आपटली. शिंप्यानंही गळ्याचं माप चुकवलं. नव्या सदऱ्याची वरची गुंडी लागत नाही. हल्ली नेटकं काम कोणालाच नको.

ओळी चढल्या असतील तर टेबल वाकडं आहे.

आहे तो लोभ ठेव, वरचा मागत नाही.

हिन

(समासात, बारीक अक्षरात) वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. सदरा नवा नाही, गेल्या वर्षीचा आहे. मान सुजलीय. डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. ठिपक्यांची भोकं पाडताना हात थरथरतो, महिन्यात तीन दांड्या फुकट गेल्या. काटे बनवणं सुटलं तर हा माणूस जगायचा नाही. माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगा. – पुइचान


हार्बिन, २२ सप्टेंबर

चि. हिन यास,
अ. उ. आ., पण रागानं.

शेजारच्या डॉक्टर छू बाईंना तुझं सगळं सांगितलं. मान, हात, डोळे, घाम ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, खातो काय? मी सांगितलं. त्यांनी निवडायला घेतलेली भाजी खाली ठेवली. गळ्यातली ग्रंथी बेफाम झाली असणार, म्हणाल्या, तपासायलाच हवं. आणि शेवाळात आयोडीन ठासून भरलेलं, ते या आजारात म्हणजे आगीत लाकडं. दुखणं हृदयावर जाऊ शकतं.

हिन, ती लाकडं मी पाठवली रे. पुसून पुसून पाठवली.

पत्र मिळेल त्या दिवशी शेवाळ बंद आणि इस्पितळ. नाहीतर मी गाडीत बसते. या गारठलेल्या गुडघ्यांसकट येईन आणि तुझ्या दुकानासमोर स्टूल टाकून बसेन.

ताई


फोशान, २ ऑक्टोबर

ती. ताईस,
न. वि. वि.

मान सुजली तर शेवाळ द्यावं, असं जुन्या ग्रंथात लिहिलंय. ते पान मला पाठ आहे. तुझ्या छू बाईंनी उघडलंही नसेल. मोठी बहीण म्हणून काय बोलायचं ते बोल, परक्या बाईच्या तोंडून बोलू नकोस.

येऊ नकोस. लोभाचं तुझं तू बघ.

हिन


फोशान, ६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र जाळ. तू जपून ठेवलं असशील, म्हणून मुद्दाम लिहितो.

तुझ्या स्टुलाला घाबरून मी इस्पितळात गेलो, असं समजू नकोस. ते पत्र टाकलं, त्याच आठवड्यात शेवाळ तोलत होतो. एकच जुडी तीनदा तोलली, तीन वजनं आली. काटा सदुसष्ट सालचा, माझ्या हातचा. तो खोटं बोलणार नाही. पुइचानला म्हटलं, धर. तिच्या हातात दांडी स्थिरावली. तीनदा तोललं, तीनदा एकच वजन. काटा कसा धरायचा म्हणून मी वीस वर्षं जिच्यावर ओरडतोय, तिच्या हातात! मी डगला घातला आणि म्हटलं, चल.

इस्पितळातली डॉक्टर म्हणजे पोरगीच. नाडी एकशे अठरा. रक्त तपासलं, निघालं तेच, जे छू बाई म्हणाल्या होत्या. दिवसातून तीनदा गोळ्या, शेवाळ बंद. मी ग्रंथातलं पान म्हणून दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, काका, डोंगरात राहणाऱ्या, समुद्रातलं काही न मिळणाऱ्या माणसाची मान सुजली तर हे लागू पडत असेल. तुमची सूज वेगळी. मला पान पाठ होतं. मान कोणाची, ते बघायचं राहिलं.

पाठवलेल्या एकाही पानाचा दोष तुझा नाही. मीच मागितलं, मीच तोललं.

आता झोप लागते. पुइचान माशावर आलं घालते, मी गप्प खातो. क्वानची दांडी अजून जमत नाही. आणखी दोन-तीन महिने लागतील म्हणे, त्यानंतरही हात पूर्वीसारखा होईल की नाही, ते ती पोरगी सांगत नाही. रोज टाकाऊ लाकडावर दहा ठिपके ठोकून पाहतो. काल सहा सरळ आले.

उरलेलं शेवाळ, साडेतीनशे ग्रॅम, पुइचाननं तोलून दिलेलं, परत पाठवतोय. तू खाऊ नकोस, तुला थंड पडेल. भावोजींना घाल, कलिंगडाची शिक्षा म्हणून.

हा कागद टेबलावर नाही, फळीवर ठेवून लिहिलाय. फळी सपाट आहे, पाण्याची वाटी ठेवून तपासली. बाबांची फूटपट्टी काढ आणि ओळींना लाव. माझ्यावर लोभ असेल तर जे दिसेल तेच कळव.

तुझा धाकटा,
हिन