एवढासाच वण

९ मे
लिही गं येसेनिया, आजी सांगते तस्सं. काटछाट केलीस तर बघ! आजही पोरगी – म्हणजे तूच – चार घास खाऊन ओकली. सोळा वर्षांची, नुसता सापळा. शेजारच्या सेनोबियाबाई भिंतीवरून म्हणतात, "बारीक दिसायला करतात हो हल्लीच्या मुली." खरंय बाई. तुम्हाला हा रोग कधी शिवला नाही, ते दिसतंच आहे!

२१ मे
टेकडी उतरून लिमातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईनं पांढरं औषध पाजून फोटो काढले. पोरीचं पोट जन्मापासूनच आत नीट बांधलेलं नाही. जेवली की पीळ बसतो – पिळलेल्या फडक्यासारखा. लाखात एखादीला असतं. पुरता पीळ बसला तर रक्त बंद, पोर हातची जाईल. आणि आधीचे डॉक्टर काय म्हणाले? "प्रेमात पडली असेल." गाढव!

२ जून
पोयादा केला – मदतीसाठी कोंबडीची ताटं विकायची. कोंबड्या लाल मिरचीत मुरवून माझे हात अजून जळतायत. ताटं गल्लीनं विकत घेतली, गल्ला ऑपरेशनला. सेनोबियाबाईंनी तीन नेली – प्रत्येक वेळी मांडीच हवी! जिच्यासाठी हा खटाटोप, तिला एक घास उतरला नाही.

११ जून
झालं! पोट सरळ करून आत टाचून टाकलं. पोरगी पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वाकडं असेल. मला कुठं वाचता येतंय!

२० जून
बायका बघायला आल्या. वण दाखव म्हणाल्या. बारीक भोकं – डास चावल्यासारखी. "एवढंच?" सेनोबियाबाई. "माझं पित्ताशय काढलं तेव्हा वीतभर फाडलं होतं!" मग दाराबाहेर, मुद्दाम मोठ्यानं – "टीव्हीवर बघितलीत ही भोकं. चरबी काढतात तिथली. आपल्या कोंबडीच्या पैशांवर कंबर बारीक करून आली!"
येसेनिया म्हणते, "हे नको ना लिहायला, आजी."
लिही.

४ जुलै
पाववालीसुद्धा तोंड फिरवते. पोरीला आता अन्न पचतं, पण दार लावून जेवते. डॉक्टरीणबाईनं काम फार नाजूक केलं, तिथंच चुकली. थोडं फाडायचं होतं – गल्लीसाठी.

३ ऑगस्ट
सेनोबियाबाई दारात. जावयाचं मूत्रपिंडाचं ऑपरेशन, आता पोयादा त्यांचा. हातात तिकिटं, नजर खाली. "किती मोठं फाडणार?" – ऑपरेशनचं ऐकल्यापासून घोटून ठेवलं होतं मी! तोंड उघडणार, तोच येसेनिया बोलली, "दोन ताटं द्या, मावशी. मांडीची. दोन्ही मीच खाणार. तिथंच, सगळ्यांसमोर."